तांबड्या रेघेची फीत

चालू वर्षीच्या आषाढातील एका सोमवारी सकाळी, बेळगावच्या छावणीतील एका प्रशिक्षण केंद्रात, नव्या जवानांच्या तपासणीच्या वेळी जे घडले, ते मी अंगाने अनुभवले, म्हणून सांगते.

मित्रांनो, मी एक जुनी मापाची फीत आहे. कारखान्यात मला विणले, माझ्यावर काळे आकडे छापले आणि टोकांना पितळी पट्ट्या बसवल्या. तेथून मी भरतीच्या मैदानावर आले. उघड्या छातीभोवती मला गुंडाळले, की पोरे श्वास भरून फुगत. माप पुरेसे भरले की टाळ्या पडत, आणि त्या टाळ्यांत मला माझाही वाटा दिसे. पुढे नवी साधने आली. मी खिळ्याला लटकत राहिले. आकडे धुळीने पुसट झाले.

तेथून मला कॅप्टन पारमितांनी काढले. त्या मूळच्या निपाणीच्या, केंद्रातील डॉक्टर. माझ्यावर एक तांबडी रेघ ओढून त्यांनी मला छातीऐवजी पोटाभोवती धरले. घेर रेघेपलीकडे गेला, की त्या अधिक खोलात चौकशी करीत. धडधाकट पोरांना हे कशाला, असे पुष्कळजण म्हणत. हा आक्षेप मला मान्य नाही. छातीचे माप माणूस आज काय करील ते सांगते. पोटाचे माप उद्या त्याला काय होऊ शकेल, त्याची सूचना देते. दुखणे उघड झाल्यावर घेतलेल्या मापाला सूचना कसे म्हणावे?

त्या सोमवारी उचगावच्या शेतकरी घरातला साईराज पुढे आला. मला पाहताच त्याने छाती फुगवली आणि पोट आत खेचले.

रांगेतून त्याचा सोबती रवळू ओरडला, "मॅडम, ह्यो अजून भरतीच्या मैदानातच उभा हाय!"

"गप रं, तुझंबी पोट मोजायचंय," डॉक्टर म्हणाल्या. "साईराज, श्वास सोड."

"सोडलाय की, मॅडम."

सोडला नव्हता. त्याचे पोट माझ्याखाली थरथरत होते.

"घरात कुणाला बीपी, शुगर?"

"न्हाय, मॅडम."

"वडील काय करतात?"

"अंथरुणावर असत्यात."

शब्द निसटला आणि त्याबरोबर श्वासही. माझे टोक तांबड्या रेघेवरून पुढे सरकले.

"आप्पांचं उजवं अंग गेलंय," तो खाली पाहत म्हणाला. "बीपीनं. चाळिशीबी झाली नव्हती. मॅडम, मला घरी धाडू नगासा. कमावणारा मी एकलाच हाय."

डॉक्टरांनी त्याला स्वस्थ बसवले, मग दंडाला पट्टा बांधला. रक्तदाब चढलेला निघाला. पुन्हा पाहिला, तरी तोच.

मित्रांनो, तुमच्याभोवती कधी अशी फीत फिरली, तर श्वास सोडून उभे राहा. घरचे दुखणे लपवू नका. फुगवलेल्या अंगावरून मला खरे काहीच सांगता येत नाही.

पट्टा सोडत डॉक्टर म्हणाल्या, "आप्पांचं उशिरा कळलं. तुझं आज कळलंय. घरी जायचं न्हाय. लोणचं आणि तंबाखू बंद. पुढच्या सोमवारी परत इथं."