आईची मूठ किती ग्रॅमची

लेक बेकरीत कामाला लागली आणि घरात ग्रॅम शिरले. चिमूटभर मीठही ती काट्यावर धरायची, म्हणून आईने तिचं नाव काटेबाई ठेवलं होतं. आईचं सगळं माप मुठीत. केकला मैदा पाच मुठी, साखर तीन मुठी, अंडी तीन आणि लोणी बघून. बघून म्हणजे किती, असं विचारलं की आई म्हणायची, डोळे दिलेत ना देवाने. असल्या उत्तराला बेकरीत कुणी दारात उभं केलं नसतं.

पण डॉक्टरांनी लेकीला बाजूला घेऊन सांगितलं, तेव्हापासून तिने त्या केकचा ध्यास घेतला. आई राहणार नव्हती, केक तरी राहावा. दर रविवारी ती आईला ओट्याशी खुर्चीत बसवायची, काट्यावर परात ठेवून आकडा शून्यावर आणायची आणि डब्याच्या झाकणावर खडूने आईची मापं आणि एकेका मुठीचं वजन लिहायची. वाटीवर तिचा भरवसा नव्हता. वाटीत मैदा दाबला तर एक वजन, भुरभुरला तर दुसरं. आईची मूठ मात्र जन्मभर एकसारखी. मुठीचं जुळल्याशिवाय लोण्याच्या मापाकडे वळायचंच नाही, असं तिने ठरवलं होतं.

पहिल्या रविवारी मूठ साठ ग्रॅम भरली. पुढच्या खेपेला चोपन्न, मग अठ्ठेचाळीस. लेक वैतागली. नीट भर ना, असं ती बोलूनही गेली. आईने मुकाट्याने बोटं आवळून पुन्हा मूठ भरली, ती आणखी हलकी निघाली. केकही बिनसला. मैदा कमी आणि अंडी तेवढीच, त्यामुळे मध्ये नुसता लगदा. आईच्या हातचा केक असा कधी झाला नव्हता. लेकीने सगळं खापर काट्यावर फोडलं, सेल बदलले आणि शेवटी मालकाच्या हातापाया पडून बेकरीतला काटा घरी आणला.

त्यावर मूठ एक्केचाळीस भरली. हाही बिघडलेला दिसतोय, असं पुटपुटत ती काटा उलटासुलटा करू लागली.

"काट्याला कशाला बोल लावतेस?" आई म्हणाली. "दोन्ही बरोबर आहेत."

आईचा हात परातीच्या कडेवर होता. अंगठी निसटू नये म्हणून तिला दोरा गुंडाळलेला होता. तो दोरा लेकीला रोज दिसत होता. आज तो बघून तिने काटा खाली ठेवला.

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू झाकणावर पाच लिहिलंस ना. म्हटलं, काटेबाई रागावतील. नाहीतर मी केव्हाच सात मुठी घातल्या असत्या. साखरेचीही एक वाढवली असती."

त्या दिवशी सात घातल्या. केक जसा व्हायचा तसाच झाला. आईने तुकडाभर खाल्ला आणि बरा झालाय म्हणाली. पुढच्या रविवारी तिची मूठ मिटलीच नाही, आणि त्यानंतरच्या रविवारी ओट्याशी खुर्ची रिकामी होती.

बऱ्याच दिवसांनी लेकीने मैदा काढला. मुठी साठच्याच धरायच्या, म्हणजे मैदा तीनशे ग्रॅम. हिशेब सरळ होता. साखर मोजली, अंडी फोडली. मग तिने झाकण पुढे ओढलं. लोण्यापुढे अजून नुसतं 'बघून' लिहिलेलं होतं.

तिने लोण्याचा डबा उघडला, सुरी हातात घेतली आणि बघू लागली. डोळे इतके भरून आले होते की लोणी दिसेचना.