वापरात नसलेला घाट

“जिवंत माणसांना कागदावर मारलंत तुम्ही!”

मोतीबाईंनी खांबावरची नगरपालिकेची नोटीस ओरबाडून काढली आणि ती पाठवणारा समोर उभा असल्यासारखी हवेत हलवली. समोर नदी होती. सही करणारा बदलापूरच्या या घाटाची एक पायरीही कधी उतरला नव्हता. चपला भिजतात ना.

“वाच गं परत,” त्या सुनेला म्हणाल्या.

किर्तीने ओले हात मॅक्सीला पुसले. “‘सदर घाट वापरात नसल्याचे सोबतच्या छायाचित्रावरून निदर्शनास आले आहे. सबब येथे भिंत बांधून मार्ग बंद करण्यात येईल. हरकत असल्यास सात दिवसांत कळवावे.’ आणि हा फोटो. आई, पूरा खाली. कुणीच नाय.”

“मंग दर शनवारी इथं भुतं येतात काय गोधड्या धुवाला?”

बायका हसल्या, पण हसू टिकलं नाही. नळाला एक दिवसाआड तासभर पाणी. त्यात माणसाचं अंग भिजत नाही, गोधडी कुठून भिजणार? भिंत झाली की संपलं.

वरच्या पायरीवर कॅमेऱ्याची तिपाई उघडत असलेले दिनानाथ तसेच वाकलेले राहिले. फोटो त्यांनी तिथूनच ओळखला होता.

आनंदनगरच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं माल तपासून पास-नापास करणारे दिनानाथ निवृत्त झाले, त्याच साली त्यांची बायको राजसी गेली. मुलगा समीर परदेशात. फ्लॅटमध्ये दिवसभर त्यांच्याशी बोलणारा एकच माणूस होता, मोबाईलवर फोटोग्राफी शिकवणारा. आणि तोही सगळ्या जगाशीच बोलत होता. त्याचं ऐकून त्यांनी लेन्सवर लावायची काळी काच मागवली. भर उजेडात तीस सेकंद शटर उघडं ठेवायचं, म्हणजे वाहतं पाणी धुक्यासारखं मऊ होतं. पहिले दोन महिने नुसते पांढरेफटक फोटो आले. तरी ते दर शनिवारी दाढी करून घाटावर यायचे.

“भाऊ, पानी रोजच इथं असतं,” मोतीबाई म्हणायच्या. “एवढं काय त्याचं तोंड बघता? या, भाकर खा.”

ते खायचे. आठवड्यात दुसऱ्याच्या हातचं तेवढंच.

मग एकदाचा तो फोटो जमला. नदी झोपल्यासारखी, काठ मोकळा. पाठवला तर समीरचा स्वतःहून फोन आला. चार महिन्यांनी. त्यानेच सांगितलं, स्पर्धेला द्या. दिनानाथांनी दिला, नंबर आला, आणि स्पर्धा भरवणाऱ्या नगरपालिकेच्या लोकांनी तोच फोटो पुरावा म्हणून नोटिशीला चिकटवला. विचारायची रीत त्यांच्यात नसते.

दिनानाथ चार पायऱ्या खाली आले.

“तो फोटो माझा आहे.”

एकीच्या हातातली गोधडी पाण्यात पसरत गेली.

“तीस सेकंद कॅमेरा उघडा असतो,” ते घाईने सांगू लागले. “त्यात जे हलत राहतं ते उमटत नाही. तुम्ही होतात. सात जणी होतात. धोपटत होतात, पिळत होतात, म्हणून फक्त... मी तसं लिहून देतो. सही करून देतो. आजच जातो ऑफिसात.”

“म्हणजे काका, काम करणारा गायब?” किर्ती म्हणाली. “आणि बसून राहिलो असतो, तर दिसलो असतो?”

“हो. तसंच आहे ते.”

“भारी मशीन आहे!”

आता मात्र सगळ्या मोकळेपणी हसल्या. दिनानाथही हसले. कुणाचा राग नव्हता. लिहून देतायत म्हटल्यावर प्रश्नच मिटला होता.

मोतीबाई हसल्या नाहीत. त्यांनी नोटीस डोळ्यांजवळ नेली. वाचता येत नव्हतं, पण फोटोतला दगडन् दगड त्यांना ठाऊक होता.

“आमी हललो. पटलं,” त्या सावकाश म्हणाल्या. “पन हा धोंडा माझा. याच्यावर माझी निळी बादली असते, उन्हं डोक्यावर येईपर्यंत. ती तर हलत नाय.”

दिनानाथांच्या उजव्या हाताचा अंगठा मुठीत गेला. याच अंगठ्याने त्यांनी मोबाईलवर फोटोतली एकेक बादली घासून पुसली होती. सात बादल्या, दोन गाठोडी, साबणाचा डबा. फोटो स्वच्छ दिसावा म्हणून. ‘बाबा, किती शांत आहे, तिथे कुणीच नसतं?’ समीरने विचारलं होतं, आणि ते ‘नाही, कुणीच नसतं’ म्हणाले होते.

“साहेबाला मागाहून लिवा,” मोतीबाईंनी कागद त्यांच्यापुढे धरला. “आधी मला सांगा. माझी बादली कुनी उचलली?”

नदी आवाज करत वाहत होती.

“बोला ना, भाऊ.”