तीस रीडिंग

माझ्या नाकावर राग असतो असं लोक म्हणतात, आणि ते काही खोटं नाही. अठरा वर्षं क्वालिटीत काढलेल्या बाईच्या नाकावर दुसरं असणार तरी काय? आधी भोसरीत, मग सिंगापुरात, आंग मो किओच्या इंडस्ट्रियल पार्कातल्या एका छोट्या प्रिसिजन कंपनीत. ‘उल्काने सही केली’ म्हटलं की माल डोळे मिटून बाहेर जायचा. मला त्याचा माज होता. आज कबूल करते.

२०१४ साली नेहमीचं काम मंदावलं, तेव्हा आमचा मॅनेजर श्रीनिवास एक भलतीच ऑर्डर घेऊन आला. ऑस्ट्रेलियातल्या एका दुकानदाराला रायफलच्या काडतुसात गोळी बसवायच्या डाय, म्हणजे पोलादी साचे, हव्या होत्या. तिकडे परवाना असलेले लोक घरीच काडतुसं पुन्हा भरतात. वाजवून झालेली पितळी पुंगळी घ्यायची, तिच्यात दारू भरायची, तोंडाशी नवी गोळी ठेवायची आणि प्रेसमध्ये दाबायची. डायची कामं दोन. गोळी ठरलेल्या खोलीपर्यंत आत ढकलायची, आणि शेवटी पुंगळीचं तोंड आवळून तिला घट्ट धरायचं. रायफल साधीसुधी नव्हती, रानरेडे मारायची होती. एकेक काडतूस माझ्या मधल्या बोटापेक्षा लांब, असं ड्रॉइंगवरून दिसत होतं. प्रत्यक्षात मी तोवर एकही काडतूस पाहिलं नव्हतं, आणि आजवरही पाहिलेलं नाही.

श्रीनिवास मूळचा डोंबिवलीचा, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा आणि एक नंबरचा भित्रा. सिंगापुरात एक जिवंत काडतूस जवळ सापडलं तरी माणूस तुरुंगात जातो. पण या गृहस्थाला खोट्या काडतुसाचीही धास्ती. डाय तपासायला नमुना तर हवाच होता. त्याने तो भरीव पितळी सळईतून लेथवर कातून घेतला, गोळी आणि पुंगळी एकाच तुकड्यात. वर कुणाला शंका नको म्हणून पोटातून आरपार भोकही पाडलं. मी त्याची आठवडाभर टिंगल केली. ‘देव्हाऱ्यात ठेवा आता’ म्हणाले. मग त्याच नमुन्यावर मी चाळीस डाय तपासल्या. दर वेळी लांबी तंतोतंत. चाळीसच्या चाळीस पास, खाली माझी सही.

चार महिन्यांनी पहिली तक्रार आली. दुकानदाराने गिऱ्हाइकाला सरळ माझा ईमेल देऊन टाकला होता. गिऱ्हाइकाचं नाव कीथ. उत्तर ऑस्ट्रेलियात कुठेतरी रानात राहणारा, सत्तरीतला, निवृत्त सर्व्हेअर. रानरेडे त्याची कुंपणं तोडायचे. त्याचं म्हणणं असं, की गोळ्या सारख्या खोलीवर बसत नाहीत, एखादी जास्तच आत जाते.

आता गिऱ्हाइकाची चूक असते हे माझं पहिलं गृहीतक. मी त्याला ठरलेले प्रश्न पाठवले. डाय पुसली होती का, पुंगळ्यांची लांबी सारखी आहे का, गोळ्या एकाच खोक्यातल्या आहेत का, पुंगळीच्या तोंडाची कड घासून गुळगुळीत केली का. त्याने एकेकाला नंबर घालून उत्तर दिलं, सोबत फोटो. सगळं स्वच्छ. म्हाताऱ्याचं टेबल आमच्या वर्कशॉपपेक्षा नीटनेटकं होतं. मला उगाचच राग आला.

मग त्याची दुसरी मेल आली. मॅगझिनमध्ये पाच काडतुसं भरून त्याने चार वाजवली आणि उरलेलं पाचवं मोजलं, तर ते दीड मिलिमीटरने आखूड भरलं. बंदुकीच्या झटक्याने गोळी आत सरकत होती, म्हणजे पुंगळी तिला धरतच नव्हती. गोळी आत गेली की दारूला जागा कमी पडते आणि दाब वाढतो, हेही त्यानेच मला समजावलं. शेवटी लिहिलं होतं, ‘मला हे बरं वाटत नाही. ही काडतुसं मी बाजूला ठेवली आहेत. डाय बदलून द्या.’

इथे थांबायला हवं होतं. पण मी काय लिहिलं? एका रीडिंगवरून निष्कर्ष निघत नाही. किमान तीस काडतुसं हवीत. प्रत्येक आधी मोजून लिहा, पाच-पाच भरा, चार वाजवा, पाचवं पुन्हा मोजा, मग वाजवा, असं सहा वेळा. सोबत तीस ओळींचा तक्ता जोडला, वर कंपनीचं नाव. तीसपेक्षा कमी आकड्यांवर मी आयुष्यात कुणाचं ऐकलेलं नाही. पुरवठादार रडकुंडीला यायचे आणि मला बरं वाटायचं. दर वेळी भरल्यावर न मोजलेली चार काडतुसं त्याच्या गालाशी वाजणार आहेत, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. माझ्यासाठी ते आकडे होते.

कीथचं उत्तर वाचून तर मी खूशच झाले. त्याने लिहिलं होतं, आयुष्यभर जमिनी मोजल्या, कमी मापांवरून कुणाला दोष देऊ नये हे तुमचं म्हणणं पटतं. मी निशिकांतला, माझ्या नवऱ्याला, ती मेल मुद्दाम वाचून दाखवली. म्हटलं, बघ, अठरा वर्षांत एक तरी शहाणं गिऱ्हाईक भेटलं.

गुरुवारी दुपारी त्याची पुन्हा मेल आली, छोटीशी. ‘काडतूस टेबलाच्या कडेवर जोर लावून दाबलं तर गोळी थोडी आत जाते. तुमच्या नमुन्यात जाते का? तुमचे तीस मी शनिवारी सकाळी उरकतो.’

मी कपाटातून नमुना काढला. टेबलाच्या कडेवर टेकवला आणि अंगठ्याने दाबला. जाणार कुठे? एकाच तुकड्यातली भरीव सळई ती. मी अजून एकदा दाबला. आणि मग मला कळलं. जो तुकडा मुळात वेगळा होऊच शकत नाही, त्याच्यावर मी घट्टपणा तपासला होता. डायमधलं, पुंगळीचं तोंड आवळणारं कडं असलं काय आणि नसलं काय, माझी लांबी बरोबरच येणार होती. चाळीस वेळा मी काहीच तपासलं नव्हतं.

मी तशीच श्रीनिवासच्या केबिनमध्ये गेले. वाटलं होतं, हा आता घाबरणार, विषय दाबायला सांगणार, मग मी याला चांगली फैलावर घेणार. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. चष्मा काढून पुसला.

“त्याला आत्ता कळवून टाक,” तो म्हणाला. “वाजवू नको म्हणावं. बाकीचं मग बघू.”

“काय कळवू? अजून सिद्ध कुठे झालंय? पुंगळीच खराब असेल त्याची.”

“उल्का, अगं, तसं असलं तर उत्तमच. पण कळव.”

“मी अंदाजावर पत्र लिहीत नाही, श्रीनिवास. आधी तपासते. शनिवारला अवकाश आहे.”

श्रीनिवासने स्वतःच लिहावं एवढी त्याची छाती नव्हती, कारण क्वालिटीचं पत्र माझ्या सहीशिवाय बाहेर जात नसे. हा नियम मीच भांडून करून घेतला होता. मला नोकरीची भीती नव्हती, सिंगापुरात राहायच्या पासचीही नव्हती. माझी सही चुकली हे मला स्वतःच्या हाताने लिहायचं नव्हतं, बस. लिहायचंच तर पुराव्यानिशी लिहीन, म्हणजे निदान चूक शोधलीही मीच, असं म्हणता येईल.

शुक्रवारचा अख्खा दिवस त्यात गेला. पुंगळीच्या जागी पितळी नळी कातून घेतली, ॲल्युमिनियमचा गुळगुळीत दांडा गोळीच्या मापाचा बनवला. लेथ रिकामं मिळायला दुपार झाली. जेवायलाही गेले नाही. श्रीनिवास दोनदा दारात येऊन उभा राहिला आणि परत गेला. पावणेसहाला मी आमच्याकडे शिल्लक राहिलेली एक डाय प्रेसवर चढवली आणि दांडा नळीत बसवला. बाहेर काढून अंगठा टेकवला तर दांडा लोण्यात गेल्यासारखा आत गेला. दुसरा केला, तोही गेला. मी तिथल्या तिथे डाय कापून बघितली. आवळणारं कडं ड्रॉइंगपेक्षा पाव मिलिमीटर मोठं होतं, आणि चाळीस डाय एकाच सेटिंगवर निघाल्या होत्या.

सहा वाजता मी मेल केली. काहीही वाजवू नका, दोष आमचा आहे. मेल गेल्यावर जरा हलकं वाटलं, खोटं कशाला बोलू. वाटेत हॉकर सेंटरवर, खाण्याच्या ठेल्यांपाशी, थांबून लेकीसाठी पराठा बांधून घेतला.

घरी पोचल्यावर बघितलं, उत्तर नाही. जेवणानंतर बघितलं, नाही. शनिवारी सकाळी साडेसातला पुन्हा बघितलं, तरी नाही. निशिकांत म्हणाला, अगं मेलची वाट काय बघतेस, फोन कर. कीथचा नंबर प्रत्येक मेलच्या खाली होता. दोन आठवडे माझ्या डोळ्यांसमोर होता आणि मला एकदाही सुचलं नव्हतं.

फोन कीथच्या बायकोने, हेलनने उचलला. म्हणाली, तो तासाभरापूर्वीच गेला. ओढ्यापलीकडे चांदमारीची, नेमबाजीची जागा आहे, तिथे फोन लागत नाही. इंटरनेट काल सकाळपासून बंदच आहे. मी म्हटलं, कृपा करून कुणाला तरी पाठवा, त्याला थांबवा. माझा आवाज ऐकून लेक खोलीतून बाहेर आली, “Mama, so loud, lah,” तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, आणि माझं तोंड बघून निशिकांतजवळ जाऊन उभी राहिली. हेलनने जास्त काही विचारलं नाही. मी स्वतःच गाडी घेऊन जाते म्हणाली, वीस मिनिटं लागतील.

ती वीस मिनिटं झाली, चाळीस झाली. मी गॅलरीत उभी होते. खाली शेजारची बाई बांबूवर कपडे वाळत घालत होती आणि मला तिच्याकडे बघून रडू येत होतं. निशिकांत चहा ठेवून गेला, तो तसाच गार झाला. नऊला केलेला फोन कुणी उचलला नाही. दहालाही नाही. मी देवाला नवस बोलले, मी, जी उदबत्तीसुद्धा लावत नाही.

दुपारी अडीचला फोन वाजला. हेलन हॉस्पिटलमधून बोलत होती. ती पोचली तेव्हा तो बंदुकीशेजारी बसला होता, दोन्ही हात तोंडावर धरून. पुंगळी फुटून सगळी आग मागे आली होती. उजवा डोळा गेला. डाव्याचं डॉक्टर उद्या सांगणार होते. ती हे सगळं अगदी हळू, नीट सांगत होती, जणू मलाच सांभाळून घेत होती. चूक आमची, हे मी तिला सांगितलं. कालच नाही, परवाच कळलं होतं, हेही सांगितलं.

मग ती म्हणाली, “तो शुद्धीवर आहे. मघापासून एकच विचारतोय, म्हणून फोन केला. तेवीस झालीत म्हणतो. वही माझ्याकडे आहे. तेवीस चालतील का तुम्हाला?”

निशिकांतने माझ्या खांद्यावर हात ठेवला, तो मी झटकून टाकला.

“त्याला सांगा,” मी म्हटलं, “एकच पुरेसं होतं. त्याने ते पहिलं माप लिहिलं तेव्हाच.”

तिने ते त्याला सांगितलं की नाही, मला माहीत नाही. फोन चालू होता आणि पलीकडे ती मला वहीतला पहिला आकडा वाचून दाखवत होती.