मांडा कुळाचा ताल

मित्रांनो, मी एक जुना ढोल आहे. पोट रमच्या पिंपाचं, तोंड बोकडाच्या कातड्याचं. कॅरिबियन समुद्रातल्या कॅरियाकू बेटावर क्वाशी नावाच्या म्हाताऱ्याने मला घडवलं. इथे नवी बोट पाण्यात ढकलण्याआधी ढोल वाजतो. आधी कोरोमांती, मग इग्बो, काँगो, मांडा. आफ्रिकेतून साखळदंडांत आणलेल्या एकेका कुळाचा ताल वेगळा, आणि ज्याचा ताल त्यानेच रिंगणात उतरायचं. मी माणसं पायांवरून ओळखतो. चर्चमध्ये इंग्रज होणारे, भांडताना फ्रेंच होणारे, माझ्यापुढे आले की आपापल्या पणजीचे होतात.

क्वाशीला नऊ ताल यायचे. पुतण्या कथबर्ट आठ शिकला; मांडाचा राहिला. "पुढच्या वर्षी बसू, काका," असं तो सात वर्षं म्हणाला. आठव्या वर्षी म्हातारा गेला. मी तेव्हा कोपऱ्यात होतो, डोक्यावर कांद्यांची टोपली घेऊन.

यंदा इस्मेतांतीच्या (मावशीला इथे तांती म्हणतात) मुलाने, ऑल्बनने, बोट बांधली. त्याचं आडनाव मॅकलॅरन, कुणा स्कॉटिश सुताराचं; आजोळ मात्र मांडा. मांडाची पाळी आली तेव्हा कथबर्टने काँगोच पुन्हा वाजवला, जरा हळू.

"उठा की तांती, तुमचाच ताल," तो म्हणाला.

"माझा असता तर आधी गुडघे उठले असते, मग मी," तांती म्हणाली. "काँगोचं शिळं वाढतोयस मला, बाळा."

लोक हसले. तांती हसली नाही.

पितरांचं ताट रात्रभर बंद खोलीत ठेवतात: मक्याचं शिजवलेलं पीठ, मटण, पेलाभर रम. एरवी सकाळी काहीतरी उष्टावलेलं असतं. उंदीर म्हणा, पूर्वज म्हणा. यंदा मुंगीही फिरकली नव्हती.

"आपली माणसं बाहेरच उभी राहिली," तांती म्हणाली. "शेजारच्या बेटावरच्या लुरीनला येतो तो ताल. एक दिवस थांब, ऑल्बन."

"आई, भरती तुझ्या लुरीनसाठी थांबायची नाही."

बोट लोण्यासारखी घसरली. टाळ्या झाल्या. म्हाताऱ्या सुतारांचे हात तेवढे खिशातच राहिले, कारण चांगली बोट जरा अडून बसतेच. ऑल्बनने त्रिनिदादची वाट धरली.

तो मंगळवारी परतायचा होता. आज शनिवार. वारा पडलाय, समुद्र तव्यासारखा सपाट, आणि बातमी नाही.

काल लुरीनला आणलं. तिला अर्धाच ताल आठवतो. कथबर्ट तिच्यासमोर मांडी घालून बसलाय, मला पोटाशी धरून. सात वर्षांत झालं नाही ते त्याला आज सूर्य मावळायच्या आत हवंय, म्हणजे मांडाची पितरं ऑल्बनला शोधायला निघतील.

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणाच्या तरी हातात असं काहीतरी असेल. मला नंतर पुसलंत, शेकलंत, नवं कातडं चढवलंत तरी ते मला सांगता येणार नाही; मी फक्त वाजवलेलंच बोलतो. तुम्ही आजच त्यांच्याशेजारी बसा.

कथबर्टचा हात पुन्हा चुकला. इस्मेतांती समुद्राकडे पाठ करून ऐकते आहे. तिचे गुडघे अजून उठलेले नाहीत.