अंकुरदादाचा टॅक्सचा रविवार

स्वानंदीला फॉर्म दिसेना.

युनिव्हर्सिटीच्या पोर्टलवर तिने पुन्हा पासवर्ड घातला, फीच्या हिशेबाच्या पानावर गेली, तिथून टॅक्सच्या पानावर, साल निवडलं, दोन हजार पाच. पडद्यावर तेच कोरडं वाक्य उमटलं. या वर्षासाठी आपला १०९८-टी उपलब्ध नाही. बाहेर मार्चचा बर्फ वितळून पार्किंगमध्ये चिखल झाला होता.

"रीमा, तुझा आला होता ना गं गेल्या वर्षी?"

"आला होता. पण मागावा लागला होता, यार. अंकुरदादाला विचार."

रीमा तिची रूममेट. मुंबईची, मास्टर्सचं शेवटचं सेमिस्टर, मे महिन्यात डेट्रॉइटजवळ ट्रॉयला नोकरीवर हजर व्हायचं होतं. कंपनी तिचा वर्क व्हिसा करणार होती. आणि अंकुरदादा म्हणजे खालच्या मजल्यावरचा अंकुर. पीएचडीचं चौथं वर्ष. इलिनॉयच्या मक्याच्या शेतांमध्ये वसलेल्या या कॉलेजच्या गावात जेवढी मराठी पोरं होती, तेवढ्यांची बँक, गाडी, ड्रायव्हिंगची परीक्षा आणि टॅक्स हे सगळं त्याच्या गळ्यात. एप्रिलच्या पंधरा तारखेआधीचा एक रविवार तो राखून ठेवायचा. पोरं आपापले लॅपटॉप घेऊन खाली जायची. कुणी खिचडी करायचं, कुणी कांदेपोहे. अंकुर टेबलाच्या टोकाला सत्यनारायणाच्या गुरुजींसारखा बसायचा आणि एकेकाला विचारायचा, "हं, नाव? पगार किती? फी कोणी भरली?" तेवढ्यावर फॉर्म व्हायचा. दक्षिणा एकच. पोटभर जेवण.

स्वानंदीनं फोन केला तेव्हा त्यानं समजावलं. "हे बघ, आपण फी भरली हे त्या कागदावर लिहिलेलं असतं. मग सरकार म्हणतं, शिकतायत ना, घ्या टॅक्समध्ये सूट. बॅचलर्सच्या पहिल्या दोन वर्षांना जी मिळते तिचं नाव होप. आपण थोराड मंडळी, आपल्याला लाइफटाइम लर्निंग. नाव तरी काय ठेवलंय बघ. जन्मभर शिका!" आणि स्वतःच हसला. जरा जास्तच हसला, असं तिला नंतर वाटलं.

"पण माझा फॉर्मच नाहीये, दादा."

"खाली रिक्वेस्टचं बटण आहे. दाब. ते विचारेल, टॅक्ससाठी तू इथली रहिवासी आहेस का. हो वर टिक कर. येतो दोन दिवसांत."

स्वानंदीचा बाण त्या चौकोनापाशी गेला आणि थांबला. मी इथली? ऑगस्टात दोन बॅगा घेऊन उतरलेली मी? आईला फोन केला की आई तिकडे सातारला पोळ्या लाटता लाटता ओव्या गुणगुणत असायची. त्यातली एक उगीचच आठवली.

*परक्या गं अंगणाला किती वर्सं घालू पाणी*
*कधी म्हणेल ही माती, आली माझी गं राणी*

तिने लॅपटॉप मिटला.

दुसऱ्या दिवशी ती फीच्या खिडकीवर गेली. चष्म्याला मण्यांची माळ लावलेल्या बाईंनी तिचा आयडी पाहिला आणि म्हणाल्या, "अगं बाळा, परदेशी मुलांना आम्ही तो फॉर्म आपणहून काढत नाही. बहुतेकांना त्याचा उपयोग नसतो. मागितलास तर देऊ. पण तुला सूट लागू आहे की नाही, ते मला सांगता यायचं नाही. इंटरनॅशनल ऑफिसात जा."

त्या ऑफिसात कोपऱ्यात एक कॉम्प्युटर होता, खास परदेशी विद्यार्थ्यांच्या टॅक्सचा. त्यानं नाव विचारलं नाही. पगार विचारला नाही. पहिलाच प्रश्न होता, या देशात तुम्ही प्रथम कोणत्या साली आलात?

तिने साल टाकलं. आणखी चार प्रश्न, आणि उत्तर आलं. आपण टॅक्ससाठी रहिवासी नाही. शिक्षणाची सूट आपल्याला लागू नाही. आपला फॉर्म वेगळा. खाली बारीक अक्षरात होतं की विद्यार्थी व्हिसावर आलेल्या माणसाची पहिली पाच वर्षं मोजतच नाहीत. पाच उलटली की पुढे तो रहिवासी धरला जातो.

स्वानंदी गार पडली. म्हणजे दादा सगळ्यांचा भलताच फॉर्म भरतोय. आणि प्रत्येक जण खाली सही करतोय, वरचं सगळं खरं आहे म्हणून.

मग दुसरी गोष्ट आठवली. काल संध्याकाळी त्याच्या टेबलावर त्याचा स्वतःचा १०९८-टी पडला होता. "तुला पण मागावा लागतो?" तिने सहज विचारलं होतं. "छे गं, माझा आपोआप येतो."

आपोआप! चौथ्या वर्षाच्या पोराला?

घरी येऊन तिने रीमाला सगळं सांगितलं. रीमा चहा ओतता ओतता थांबली. तिचा रंग उतरला.

"माझा गेल्या वर्षीचा त्यानंच भरलाय. आणि आता व्हिसाचे कागद जाणार माझे. कुणी उकरलं तर? खोटं लिहून टॅक्स बुडवला म्हणतील!"

"म्हणून तर तुला सांगतेय."

"पण त्याचा आपोआप कसा?" रीमाचे डोळे बारीक झाले. "थांब. याने गुपचूप लग्न केलंय. ग्रीन कार्डवाली गाठलीय कुणीतरी. म्हणून हा इथला."

"काहीतरीच!"

"मग दिवाळीत कुठे गायब असतो? आणि सगळ्यांची कामं फुकट कोण करतं गं? आपल्या प्रत्येकाचा पासवर्ड, सोशल सिक्युरिटी नंबर, सगळं आहे त्याच्याकडे."

स्वानंदीला हसूही आलं आणि अंगावर काटाही आला. ज्या माणसानं पहिल्या थंडीत तिला स्वतःचं जॅकेट दिलं होतं, त्याच्याकडे आता ती जिन्यावरून जाता येता तिरप्या नजरेनं बघू लागली. फोनवर तो हळू का बोलतो? टपालपेटीची किल्ली खिशात का ठेवतो? संशय एकदा घरात शिरला की मांजरासारखा असतो, सगळ्या भांड्यांत तोंड घालून येतो.

शनिवारी तिघं शिकागोला निघाली. महिन्यातून एकदा अंकुरच्या जुन्या गाडीतून डेव्हन ॲव्हेन्यूला किराणा आणायला जायची रीतच होती. रविवारी टॅक्सची बैठक, म्हणून पोहे, शेंगदाणे, सगळंच हवं होतं. दोन्ही बाजूंना उघडीबोडकी शेतं, वर राखाडी आभाळ. रीमा मागच्या सीटवरून म्हणाली,

"अंकुरदादा, वहिनी कशा आहेत?"

"कोण वहिनी?"

"तेच विचारतेय."

"माझ्या प्रोफेसरांना विचार. लग्नाची तारीखही तेच देतील. प्रबंधाच्या डिफेन्सची देत नाहीत ते सोड." तो हसला. आरशात मात्र त्याचे डोळे हसले नाहीत. स्वानंदीनं ते टिपून ठेवलं.

"दादा, तू आलास कधी रे अमेरिकेत?" तिने शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं.

"दोन हजार दोन. कितीदा सांगू? एक्झिट आली, बोर्ड बघ."

डेव्हनवर पार्किंगसाठी तीन फेऱ्या झाल्या. बसच्या मागे अडकून अंकुरनं चार शिव्या गिळल्या. शेवटी एका साड्यांच्या दुकानापुढे जागा मिळाली. किराण्याच्या दुकानात कोथिंबिरीच्या जुड्या झटकत असताना मागून हाक आली.

"अंकुर? अरे अंकुरच ना तू?"

जाड कोट घातलेली, कपाळावर टिकली असलेली एक बाई गाडा ढकलत येत होती. तिच्या कोटाला धरून एक मुलगी.

"सुलेखाकाकू!" अंकुरच्या हातातली जुडी खाली पडली.

"आमच्या शॉमबर्गची वाट विसरलास का रे? दिवाळीला तेवढा उगवतोस, यंदा तेही नाही. किती वाळलायस! या कोण, मैत्रिणी? मी सुलेखा, याची मानलेली काकू. हा इकडे आला तेव्हा पहिलं वरण-भात आमच्याकडेच जेवला." मग मुलीला पुढे ओढून म्हणाल्या, "ज्ञानदा, हा बघ कोण. तुझ्या बारशाला यानंच पंगतीत वाढलं होतं. घुगऱ्यांचं पातेलं हातातून निसटलं, सगळ्या गालिच्यावर! बाळ पाळण्यात रडतंय आणि हा त्याच्यापेक्षा जास्त."

"मॉम, प्लीज," ज्ञानदा लाजून म्हणाली.

स्वानंदी खाली वाकली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "किती वर्षांची आहेस गं तू?"

"सिक्स अँड अ हाफ."

रीमानं स्वानंदीचा दंड घट्ट धरला. साडेसहा वर्षांची पोर, आणि तिच्या बारशाला हा वाढत होता. इथे, शिकागोजवळ.

"तुझे ते प्रोफेसर कॅलिफोर्नियाला निघून गेले, मग पीएचडीचं काय झालं रे?" काकू विचारत होत्या. "पुन्हा पहिल्यापासून सुरू केलीस ना दुसरीकडे? झाली का?"

"होईल, काकू," अंकुर म्हणाला. "होईल."

तिघं परत निघाली. मागे कोथिंबिरीचा वास भरून राहिला होता. शहर मागे पडल्यावर अंकुरनंच तोंड उघडलं. डोळे रस्त्यावर.

"ऑगस्ट नव्याण्णव. तीन वर्षं शिकागोत होतो. गाइड गेले, प्रयोगशाळा बंद झाली, मला नाही नेलं. मग इथे येऊन शून्यापासून. तुम्हाला दोन हजार दोन सांगितलं, कारण एकदा खरं साल सांगितलं की माणूस मनात मोजायला लागतो. सात वर्षं? अजून? काय प्रॉब्लेम आहे याचा? घरी बाबांनी फोनवर विचारणं सोडून दिलंय, ते तर फारच वाईट."

रीमानं ग्रीन कार्डवाल्या वहिनीला मनातल्या मनात निरोप दिला असावा. ती खिडकीबाहेर बघत राहिली.

"दादा," स्वानंदी म्हणाली, "तुझा फॉर्म बरोबर आहे. तुझी पाच वर्षं भरून गेली. तुला ती सूट मिळते. आम्हाला नाही मिळत. आमचा फॉर्मच वेगळा." आणि तिने त्या कॉम्प्युटरचा पहिला प्रश्न सांगितला.

गाडीचा वेग कमी झाला. मागच्या ट्रकनं भोंगा वाजवला.

"मी एका टॅक्सवाल्याकडे गेलो होतो," अंकुर हळूच म्हणाला. "गेल्या वर्षी. त्यानं विचारलं कधी आलास, सांगितलं. म्हणाला, आता तू रेसिडेंट, ही सूट घे. मला इतका आनंद झाला! पहिल्यांदा कुठल्या तरी कागदानं मला काहीतरी झालास म्हणून सांगितलं. वाटलं, सगळ्यांना मिळवून देऊ."

"आणि तुला कधी शंका आली नाही?" रीमाचा आवाज चिरका झाला. "माझा व्हिसा आहे, अंकुर! तू नुसतं नाव नि पगार विचारलास. साल का नाही विचारलंस?"

त्यानं वायपर उगीचच एकदा फिरवला.

"आली होती," शेवटी म्हणाला. "एकदा, तुझा फॉर्म मागवायला लागला तेव्हा. माझा आपोआप आणि तुझा का नाही? पण चौकशी करायची तर तुमच्यासमोर माझं साल बोलावं लागलं असतं. मी बटण दाबायला सांगून मोकळा झालो."

स्वानंदीच्या मनातला संशय खोटा निघाला नव्हता, फक्त त्याचं तोंड वेगळं निघालं होतं. चोर शोधायला गेली होती, सापडला तो लाजलेला माणूस. राग यायला हवा होता, तो आलाही. पण त्या रागाच्या पोटात आईची ओवी घुमत राहिली. या माणसानं परक्या अंगणाला सात वर्षं पाणी घातलं. कागद म्हणतो, झालास इथला. आणि हा ते कुणाला सांगू शकत नाही.

"मी उद्या त्या फॉर्मवर सही करणार नाही," ती म्हणाली. "आणि बाकीच्यांनाही करू देणार नाही. कारण मी सांगू, की तू सांगशील?"

घरी पोचल्यावर त्यानं पोह्यांची पिशवी तेवढी वर आणून दिली आणि निघून गेला.

रविवारी सकाळी रीमा म्हणाली, "नाही येणार तो. दार लावून बसेल. बघच."

दार उघडं होतं. टेबलावर लॅपटॉपची रांग लागली होती, नेहमीची नऊ-दहा पोरं, काही नवीन. स्वयंपाकघरात फोडणीचा वास. अंकुर टोकाला बसला होता, दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा. त्याच्यासमोर रात्री इंटरनेटवरून छापून काढलेले कोरे फॉर्म होते, पोस्टानं पाठवायचे, आणि एक वेगळा गठ्ठा, जुने चुकलेले दुरुस्त करायचा. वरच्या पानावर पेन्सिलीनं रीमाचं नाव.

"आज रीत बदललीय," तो म्हणाला. "आधी नाव सांगायचं नाही. आधी सांगायचं, या देशात पहिल्यांदा कधी आलात. त्याच्यावर सगळं ठरतं. गेल्या वर्षी मी हे विचारलं नाही. ज्यांचे ज्यांचे मी भरले ते चुकलेत, ते दुरुस्त करून पाठवायचे. व्याज लागलं तर माझं. आपल्या देशाशी यांचा करार आहे, त्यातून थोडी सवलत आपल्याला मिळते, ती कुणाची बुडणार नाही." त्यानं पाण्याचा घोट घेतला. "माझ्यापासून सुरू करतो. ऑगस्ट नव्याण्णव."

एका नव्या पोरानं बोटांवर मोजायला सुरुवात केली. अंकुरला ते दिसलं. तो त्या बोटांकडे बघत राहिला, मान खाली घातली नाही.

"नव्याण्णव?" रीमा दारातून म्हणाली. तिचा राग पुरता गेलेला नव्हता, तो आवाजात होता. "मग आम्ही इतके दिवस दादा काय म्हणतोय? काका म्हणायला हवं!"

कुणीतरी फिस्सकन हसलं, मग सगळेच. अंकुरही. यावेळी डोळ्यांसकट.

स्वानंदीनं खुर्ची ओढली आणि त्याच्याशेजारी बसली.

"ऑगस्ट दोन हजार पाच," ती म्हणाली. "लिही, काका."