बॉयलरचा काटा आणि वालेरचा शिक्का

“पाणी कुठंही गळत नाहीये,” मिस्त्री सांदूने बॉयलरखालून डोकं बाहेर काढत सांगितलं. “सांधे कोरडे, नळ्या कोरड्या, आतली हवेची टाकी ठणठणीत. वालेरभाऊ, तुमच्या बॉयलरला काहीएक झालेलं नाही.”

“मग काटा खाली का येतो?”

“ते त्यालाच विचारा.”

वालेरचं लक्ष सांदूच्या पिशवीकडे होतं. येताना होती त्यापेक्षा ती जरा फुगलेली वाटत होती. त्यात वालेरचा दोष नाही. मोज्यांच्या कारखान्याच्या गेटवर त्याने हयात घालवली होती, येणाऱ्याचा चेहरा आणि जाणाऱ्याची पिशवी बघण्यात. पोटाला मोजे गुंडाळून गरोदर झालेल्या बायका त्याने नुसत्या चालीवरून ओळखल्या होत्या. पुढे कारखाना बंद पडला, गेट भंगारात गेलं, पण वालेर काही ड्यूटीवरून उतरला नाही. आमच्या गल्लीत कुणी त्याला किती वाजले विचारलं, तरी तो आधी म्हणायचा, “कशाला हवंय?”

आता त्याचा संशय बॉयलरवर बसला होता. स्वयंपाकघराच्या भिंतीवरचा हा बॉयलर पाणी तापवून घरभरच्या रेडिएटरांत फिरवी. तेच पाणी फिरून परत येई, म्हणजे कमी व्हायचं कारणच नव्हतं. तरी दाबाचा काटा रोज खाली उतरायचा. वालेरने बायकोच्या नखपॉलिशने काचेवर एक लाल खूण केली होती. रोज सकाळी तो खालचा नळ उघडून काटा खुणेपर्यंत चढवी, आणि दुसऱ्या दिवशी काटा पुन्हा पडलेला असे. फारच पडला की बॉयलर आपला आपण बंद होई. बाहेर जानेवारीचं बर्फ, आणि आत माणसं कोट घालून सूप पिताहेत, असं दोनदा झालं होतं.

“एक सांगतो,” सांदू हत्यारं भरत म्हणाला. “रोज ताजं पाणी भरू नका. ताज्या पाण्याबरोबर हवा आत जाते, मग नळ्या ठकठकतात, आणि आतून गंज धरतो तो वेगळाच. अशानं बॉयलर फार टिकायचा नाही.”

“पण पाणी जातंय कुठं?”

“गळत नाही म्हणजे कुणीतरी काढतंय. रेडिएटरचा हवा सोडायचा स्क्रू पिळला की आधी हवा येते, मग पाणी. पण ते काळं, घाण वासाचं पाणी चोरून कुणी काय सूप करणार?”

सांदू आपल्याच विनोदावर हसला. वालेर हसला नाही. कुणीतरी काढतंय, एवढं त्याला पुरेसं होतं.

घरात कुणीतरी म्हणजे कोण? एक तो स्वतः, एक त्याची बायको वेतुरिया. आणि वरच्या खोलीत भाड्याने राहणारी इलिंका.

इलिंका चाळिशीची. इटलीत परक्या म्हाताऱ्यांची उठबस करण्यात तिची उमेदीची वर्षं गेली, आणि परत आली तर गावाकडचं घर भावाने बळकावलेलं. आता ती इथल्या वृद्धाश्रमात कामाला होती आणि ही खोली सोडली तर तिला दुसरा आसरा नव्हता. वेतुरियाचा तिच्यावर जीव. वालेर मात्र त्या दिवसापासून तिला पाण्यात पाहू लागला. खिडकीतली जिरेनियमची झाडं एकाएकी जळाली, ती तिनेच जास्त पाणी घालून मारली. सूप दोनदा खारट झालं, तेव्हाही तीच स्वयंपाकघरात लुडबुडत होती. बेसिनखालची लोणच्याची रिकामी बरणी ओली दिसली, तीही तिच्या खात्यात जमा झाली.

“किती संशय घेशील रे?” वेतुरिया मक्याचं पीठ घोटत म्हणाली. “पाणी गेलं तर गेलं. बॉयलर काय आपल्याला वर घेऊन जायचाय?”

“तू गप्प बस. तुला माणसं कळत नाहीत.”

“तुझ्याशी लग्न केलं तेव्हाच कळलं ते मला,” असं म्हणून तिने पिठात मीठ घातलं. थोड्या वेळाने पुन्हा घातलं. वालेरचं लक्ष जिन्याकडे होतं.

रविवारी दुपारी त्याने कपाटातून पितळी शिक्का काढला. कारखान्यात संध्याकाळी कोठारांच्या दारांना दोरा लावून, त्यावर मऊ मेणाचा गोळा दाबून शिक्का मारायची पद्धत होती. सकाळी शिक्का तुटलेला दिसला की चोरी. वालेरच्या गेटवरून न तपासता बाहेर पडलेली एकमेव वस्तू म्हणजे हा शिक्का.

तो वर गेला आणि इलिंकाच्या देखत तिच्या रेडिएटरच्या स्क्रूला दोरा गुंडाळू लागला.

“हे काय काका?”

“शिक्का.”

“कशाला?”

“कुणी हात लावला तर कळावं म्हणून. लावला नसेल त्याला भ्यायचं कारण नाही. पण तुटलेला सापडला, तर दुसरी खोली शोधायची. मग बर्फ असो की काही असो.”

इलिंकाचा चेहरा उतरला. तिने एकदा खाली स्वयंपाकघराच्या दिशेने पाहिलं. मग हळूच म्हणाली, “खाली पण लावा ना काका.”

“खाली कशाला? खाली आम्ही राहतो.”

“गेटवर तुम्ही मोठ्या साहेबाचीसुद्धा पिशवी बघायचात म्हणे. काकू सांगत होत्या.”

हे खरं होतं, आणि वालेरचा तो मोठा अभिमान होता. त्याने खाली येऊन तिथल्या रेडिएटरांनाही शिक्के मारले. वेतुरिया तेव्हा बटाटे सोलत होती. “छान दिसतंय,” म्हणाली, “नाताळच्या सजावटीसारखं.”

दुसऱ्या दिवशी तो पाव घेऊन आला आणि कोट न काढता काट्यापाशी गेला. काटा पडला होता. वालेर एकदम तरुण झाला. दोन-दोन पायऱ्या गाळत वर गेला, इलिंकाला बाजूला सारलं, चष्मा लावला. शिक्का जसाच्या तसा होता. अक्षरंसुद्धा शाबूत. तो हिरमुसून खाली आला आणि केवळ सवय म्हणून खालचेही बघत गेला. बाहेरच्या खोलीतला शाबूत. स्वयंपाकघरातला शाबूत. झोपायच्या खोलीत, पडद्यामागे, दोरा तुटलेला होता. मेण कुणीतरी अंगठ्याने नीट दाबून परत बसवलं होतं.

आता शहाण्या माणसाला पुरे झालं असतं. पण संशयाला एकदा वाट दिली की तो तीच वाट चालतो. आपल्यावर बालंट नको म्हणून ती इलिंकाच खाली येऊन आमचा शिक्का तोडून गेली, असं वालेरने ठरवून टाकलं. ‘खाली पण लावा’ म्हणाली ती उगीच?

म्हणून पुढच्या सकाळी त्याने टोपी घातली, “पाव आणतो गं,” असं ओरडून सांगितलं, बाहेरचं दार आपटलं आणि आतल्याच बोळात टांगलेल्या कोटांच्या मागे उभा राहिला. जिन्यावर पाऊल वाजायची वाट बघत.

बॉयलर पेटला. गरम पाणी थंड नळ्यांत शिरलं आणि नळ्या बोलू लागल्या. ठक. ठकठक. ठक.

“आले, आले,” स्वयंपाकघरातून आवाज आला. “ऐकू येतंय मला.”

वेतुरिया लोणच्याची बरणी घेऊन लगबगीने झोपायच्या खोलीत गेली. दार उघडंच होतं. तिने गुडघे टेकले, एप्रनच्या खिशातून छोटी पितळी किल्ली काढली आणि स्क्रू पिळला. हवा सुस्कारत बाहेर आली, मग काळं पाणी बरणीत पडू लागलं.

“जरा दम धरा, ओल्गाबाई,” ती नळीला म्हणाली. “चमच्याने ठोकून ठोकून नळी फोडाल. पोचतंय आत्ता तुमच्यापर्यंत.”

कोटांच्या मागे वालेरला जुनी इमारत आठवली. या घरात येण्याआधी तो आणि वेतुरिया कारखान्याच्या इमारतीत सगळ्यात वरच्या मजल्यावर राहत होती. सगळ्या मजल्यांना मिळून एकच उभी नळी, आणि हवा साठायची ती वर, यांच्या घरात. हिवाळ्यात गरम पाणी सोडलं की खालची बिऱ्हाडं चमच्यांनी नळी ठोकायची. मग वेतुरिया, अंगावर साबण असला तरी धावत येऊन हवा सोडायची, तेव्हा कुठे खाली ऊब पोचायची. जिन्यात भेटेल तो तिला दुवा द्यायचा. ती इमारत सोडून जमाना झाला. खालच्या मजल्यावरच्या ओल्गाबाईंच्या शवपेटीला तर वालेरने स्वतः खांदा दिला होता.

तो खोलीत गेला. वेतुरियाने वर पाहिलं. ती दचकली नाही, फक्त त्याच्या टोपीकडे बघत राहिली.

“तू ड्यूटीवर नाही गेलास?” तिने विचारलं.

वालेरच्या गेटवरून कधी एक मोजा सुटला नाही, आणि त्याच्या घरातून त्याची बायको रोज थोडी थोडी बाहेर जात होती, ते त्याला दिसलं नव्हतं. रोज तो काटा चढवून पाण्याबरोबर हवा भरत होता, तीच हवा तिला हाक मारत होती, आणि तो मात्र जिन्यावर डोळा ठेवून बसला होता.

“आज उशिरा जायचंय,” तो म्हणाला.

मग तो वर गेला. खिशातला चाकू काढून त्याने इलिंकाच्या रेडिएटरवरचं मेण खरवडलं, दोरा कापला. ती कामावर जायच्या तयारीत दाराशी उभी होती.

“तुला माहीत होतं.”

“हो.”

“मग बोलली का नाहीस? ही खोली गेली असती तुझी.”

“इटलीत एका घरी म्हातारीबद्दल असंच बोलले होते मी. मुलगा म्हणाला, माझ्या आईला वेडी ठरवतेस? त्याच दिवशी सामान बाहेर.” तिने गळपट्टा बांधला. “आणि काका, मी सांगितलं असतं तर तुम्हाला पटलं असतं?”

वालेरने विचार केला. खोटं बोलायचं म्हणून त्याला बोलता आलं असतं.

“नाही,” तो म्हणाला. “तू राहा इथं. मी चुकलो. आणि... तिला काय लागतं, कसं वागायचं, ते जरा सांग मला.”

बर्फ वितळायला लागलं तेव्हा सांदू रस्त्यात भेटला. “काय वालेरभाऊ, सापडलं का कुठं गळतंय ते?”

“नाही. असेल बारीक कुठंतरी.”

“म्हणजे अजून रोज भरताय? सडेल हो तो.”

“सडू दे. आम्हाला पुरला म्हणजे झालं.”

सांदू त्याच्याकडे बघतच राहिला. वालेरचं लक्ष त्याच्या पिशवीकडे नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळ्या ठकठकल्या. वेतुरिया आली, आणि तिच्या शेजारी वालेरही जमिनीवर बसला, बरणी धरून. पाणी पडायचं थांबल्यावर तिने विचारलं, “खाली पोचलं का रे?”

वालेरने नळीवर तळवा ठेवला. “पोचलं,” तो म्हणाला. “सगळ्यांना पोचलं.”

ती समाधानाने उठली, किल्ली एप्रनच्या खिशात टाकून चहाचं बघायला गेली. वालेरने पाणी बेसिनमध्ये ओतलं, बरणी धुऊन तिला सापडेल अशा जागी उपडी ठेवली. मग बॉयलरखालचा नळ उघडला आणि काटा लाल खुणेवर येईपर्यंत तिथेच उभा राहिला, गेटवर उभा राहायचा तसा.