पाळणाघरातली शांतता

“बघा मावशी, आज कसे चिडीचूप झोपलेत सगळे!” पाळणाघराच्या बाई दारातून कुजबुजल्या. “हीटर बसवल्याचा फायदा.”

मावशींनी मान डोलावली, पण त्यांच्या जिवाला घोर लागला. लोकांची मुलं सांभाळण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. दुपारच्या झोपेत एखादं तरी कुरकुरतं, एखादं लाथा झाडून पांघरूण उडवतं. आज पाळणे हलतसुद्धा नव्हते. त्यांचं स्वतःचं डोकं सकाळपासून ठणकत होतं, पोटात ढवळत होतं. पालकांनी थंडीची तक्रार केली म्हणून बाईंनी खिडक्यांच्या फटी चिकटपट्टीनं बुजवल्या होत्या, आणि कोपऱ्यात गॅसचा नवा हीटर पेटत होता.

दुधाची वेळ झाली. मावशींनी सगळ्यात धाकट्या ठमीला उचललं. एरवी बाटली दिसताच भोकाड पसरणारी पोर. आज तिची मान खांद्यावर लुळी पडली.

“ठमे! ए ठमाबाई!” त्यांनी तिचा गाल थोपटला. पोरीनं डोळे अर्धवट उघडले आणि पुन्हा मिटले.

मावशींनी तिला कडेवर घेतलं. दुसऱ्या हातानं त्यांनी खिडकीची पट्टी ओरबाडून काढली नि तावदान सताड उघडलं.

“अहो, वेड लागलं का?” बाई धावत आल्या. “गारठतील पोरं! त्यांच्या आयांना काय सांगू मी?”

“गारठू देत! माझं डोकं फुटतंय, ही पोर जागी होईना. हवेतच काहीतरी आहे. तो हीटर बंद करा आणि उचला सगळ्यांना!”

“पण मावशी...”

“हिच्याकडे बघा तरी!”

ठमीला पाहताच बाईंच्या चेहऱ्याचा रंग उडाला. दोघींनी धावाधाव करून एकेक मूल अंगणात आणलं. गार वारा लागताच एक रडलं, मग दुसरं. ठमी मात्र गप्पच. दवाखान्यात पोचेपर्यंत मावशी तिच्याशी सारख्या बोलत होत्या. काय बोलल्या, ते त्यांना नंतर आठवेना.

“हीटरचा धूर बाहेर जात नव्हता,” डॉक्टर म्हणाले. “त्यातल्या विषारी वायूला वासही नसतो. कळणार कसं?”

संध्याकाळी ठमीनं नाकावरची नळी ओढायला हात उचलला, तेव्हा कुठे मावशी खाली टेकल्या.

पाळणाघर पुन्हा सुरू झालं. हीटर गेला, भिंतींना वर झरोके पाडले, मुलं दोन-दोन स्वेटर घालून येऊ लागली. “आता तरी दुपारी जरा आडव्या व्हा,” बाई म्हणतात. मावशी हो म्हणतात. पण मुलं झोपली की त्या एकेका पाळण्याशी वाकून प्रत्येकाच्या नाकाशी पालथा हात धरतात. एखादं दचकून उठतं, रडायला लागतं.

“रड बाळा,” मावशी पुटपुटतात, “चांगलं मोठ्यानं रड.”